मोत्याची वाट अडवू नका

हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरच्या शिवारात कुत्रं पाळतात ते हौसेपेक्षा राखणीसाठी. पूर्णेवरच्या धरणाचं पाणी कालव्यानं रानात येतं, हळद, ऊस, गहू उभा राहतो आणि पिकामागोमाग रोही आणि रानडुकरं येतात. शेळीच्या करडांवर कोल्ह्या-लांडग्याचा डोळा असतो. रात्री लाइट आली की मोटर चालू करायला जाणाऱ्या गड्याला सोबत लागते ती वेगळीच. म्हणून जवळजवळ प्रत्येक आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, एखादा मोत्या, वाघ्या, राजा नाहीतर टायगर असतो. दिवसा बहुधा खुंट्याला बांधलेला, रात्री मोकळा. त्याचं काम ठरलेलं, जागा ठरलेली, भाकरीची वेळही बहुधा ठरलेली. घरातल्या लेकरांनी त्याच्याशी कसं वागायचं, एवढं मात्र कुणी ठरवलेलं नसतं.

ते ठरवायची गरज आहे असंही कुणाला वाटत नाही. ‘घरचंच कुत्रं आहे, काय करतंय!’ भीती सगळी गावातल्या मोकाट कुत्र्यांची. मोकाट कुत्र्यांचा धोका खराच आहे, पण छोट्या मुलांना चावणाऱ्यांत ओळखीचं कुत्रं फार वेळा असतं, घरचं, शेजारचं, नाहीतर मामाच्या आखाड्यावरचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात मुलांना चावलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासून एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ओळखीच्या मुलांना कुत्री चावली होती ती बहुतेकदा खाणं किंवा एखादी वस्तू राखताना, आणि अनोळखी मुलांना चावली ती आपली जागा राखताना. अमेरिकेतलं कुत्रं गादीवर झोपत असेल आणि आपलं गोठ्याच्या आडोशाला, पण या बाबतीत दोघांची जात एकच.

कुत्र्याच्या बाजूनं बघितलं की गोष्ट सोपी होते. नकोसं काही घडायला लागलं की कुत्र्याचा पहिला प्रयत्न असतो तिथून बाजूला होण्याचा. ते जमलं नाही तर ते जागच्या जागी ताठ होतं. तेवढ्यानं भागलं नाही तर इशारा देतं, म्हणजे ओठ उचलतं, गुरगुरतं. आणि सगळ्यात शेवटी चावतं. चाव्यापर्यंत गोष्ट गेलेली बहुतेक प्रकरणं बारकाईनं पाहिली तर पहिला रस्ता कुणीतरी बंद केलेला दिसतो. गळ्यात साखळी होती, मागं भिंत होती, पुढ्यात भाकरी होती, पोटाशी पिलं होती, नाहीतर मानेभोवती लेकराचे दोन हात होते. मुलांना शिकवायचे झाडून सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात, की कुत्र्याला उठून जाता आलं पाहिजे.

आता गुरगुरण्याच्या आधीचे इशारे दिसतात कसे ते पाहू. नेहमीचंच दृश्य आहे. आखाड्यासमोर बाज टाकलेली. बाजेखाली सावलीला मोत्या पसरलाय. चार वर्षांची पोरगी रांगत आत शिरते आणि त्याच्या गळ्यात हात टाकून गाल त्याच्या कानाला लावते. काका मोबाइल काढतो. किती माया आहे बघा! आता पोरीकडे न बघता मोत्याकडे बघा. आतापर्यंत त्याचं तोंड उघडं होतं, जीभ बाहेर होती. हात पडताच तोंड मिटलं. मग जिभेचं टोक नाकावरून झर्रकन फिरलं, समोर खायला काही नसताना. मग जांभई आली, झोप नसताना. मान पोरीपासून पलीकडे वळली, पण डोळे तिच्याकडेच राहिले, त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्याची कोर दिसायला लागली. कान मागं चिकटले. शेपूट थांबलं. आणि शेवटी अंगच थांबलं, श्वाससुद्धा क्षणभर रोखल्यासारखा. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं. फोटोत ते ‘किती शांत आहे आमचा मोत्या’ असं दिसतं. त्याच्या परीनं त्यानं पाच-सहा वेळा ‘पुरे’ म्हणून सांगितलेलं असतं आणि तेही अगदी हळू आवाजात. पुढच्या वेळी तो मोठ्यानं सांगेल.

अशा वेळी पोरीला खसकन ओढायचं नाही आणि ओरडायचंही नाही. मोत्याला लांबून हाक मारायची, ‘यू, यू’ करून. तो उठून आला की बहुतेक वेळा अंग झाडतो, ओलं नसतानाही. ताण उतरल्याची ती खूण. मग पोरीला जवळ घेऊन सांगायचं, की त्याला तुझा राग आला नव्हता, त्याला बाहेर यायचं होतं.

शेपटीवर फार भरवसा ठेवू नये. शेपूट हलतंय म्हणजे कुत्रं खूश आहे, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं. खूश कुत्र्याची कंबर हलते, अख्खं अंग वळवळतं, शेपूट सैल असतं. ताठ, उंच धरलेलं आणि नुसतं टोक भरभर हलवणारं शेपूट वेगळं. ते कुत्रं ताणात आहे. आपल्या गावठी कुत्र्यांत आणखी एक अडचण आहे. त्यांचं शेपूट मुळातच पाठीवर वळलेलं, त्यामुळे त्याचं चढणं-उतरणं पटकन कळत नाही. कारवान जातीची लांब तोंडाची, सडपातळ कुत्री काही आखाड्यांवर असतात, त्यांचं शेपूट वाचायला सोपं. गावठी कुत्र्याच्या बाबतीत मुलांना तोंड, डोळे आणि कान बघायला शिकवावं, शेपूट नंतर.

आणि दात. इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइंट्स यांनी छोट्या मुलांना कुत्र्यांच्या चेहऱ्यांची चित्रं दाखवून पाहिली. दात विचकलेला, चिडलेला चेहरा बऱ्याच मुलांना हसरा वाटला! त्यात मुलांचा दोष नाही. दात दिसले म्हणजे हसू, हे ती माणसांकडूनच शिकलेली असतात. त्यात मुलांना एखादी गोष्ट आवडली की ती तोंड जवळ नेऊन बघतात. लहान मुलांना होणारे चावे डोकं, चेहरा आणि मानेवर जास्त दिसतात त्याचं हे एक कारण. घरात मोबाइल आहेच, तर त्यावर कुत्र्यांचे फोटो काढून मुलांना विचारत बसावं, ‘हा काय म्हणतोय?’ चार-पाच संध्याकाळी हा खेळ झाला की पोरं मोठ्यांपेक्षा तरबेज होतात.

आता गुरगुरण्याबद्दल, कारण इथं मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त चुकतात. कुत्रं लेकरावर गुरगुरलं की घरातला कुणीतरी उठतो आणि त्याला काठीनं बडवतो. हेतू चांगला, परिणाम उलटा. कुत्रं यातून ‘लेकराला काही करू नये’ हे शिकत नाही. गुरगुरलं की मार बसतो, एवढंच शिकतं. नकोसं वाटणं आत तसंच राहतं, बोलणं मात्र बंद होतं. मग एक दिवस ते ‘काहीही न करता’ चावतं आणि आपण म्हणतो, कधी गुरगुरलं पण नाही हो! गुरगुरणारं कुत्रं सांगून मोकळं होतंय, त्याचे उपकार मानावेत. लेकराला शांतपणे बाजूला घ्यावं, कुत्र्याला जागा द्यावी आणि नंतर विचार करावा की नेमकं कशावरून झालं. तेच पुन्हा-पुन्हा होत असेल तर त्या दोघांना एकत्र सोडू नये आणि पशुवैद्याला दाखवावं. कान सडलेली, गोचीड भरलेली, म्हातारपणी कंबर धरलेली कुत्री नुसत्या स्पर्शानंही चिडतात. वर सांगितलेल्या अभ्यासातही चावलेल्या बऱ्याच कुत्र्यांना काही ना काही दुखणं निघालं होतं. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ ही म्हण तेवढी मुलांसमोर वापरू नये. भुंकणारं कुत्रं चावतं.

आखाड्यावरचा सगळ्यात मोठा प्रश्न साखळीचा. बांधलेलं कुत्रं सुरक्षित, असं आपण धरून चालतो. चोराच्या दृष्टीनं असेल. मुलांच्या दृष्टीनं साखळी म्हणजे पहिला रस्ता कायमचा बंद. पोरं मात्र बांधलेल्या कुत्र्याजवळच जास्त धीट होतात, कारण ते मागं लागू शकत नाही. खडे मारतात, काडीनं टोचतात, भाकरी दाखवून मागं घेतात. दुपारभर हे सोसलेलं कुत्रं रात्री मोकळं सुटतं, हे विसरू नये.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. एका माणसानं मोत्याला साखळी ताणली जाईल इतकं लांब चालवत खुंट्याभोवती फेरी मारायची. दुसऱ्यानं त्याच्याही बाहेर दोन हात अंतर सोडून चुन्याची रेघ ओढत जायची. पावसात पुसली की पुन्हा ओढायची, नाहीतर सरळ दगड लावून टाकायचे. रेघेच्या आत मोत्याचं घर. तिथं लेकरांनी जायचं नाही, चेंडू गेला तरी नाही. चेंडू मोठं माणूस काढून देईल. तीन वर्षांच्या लेकराला ‘सांभाळून राहा’ म्हटलेलं काही कळत नाही, पण रेघ कळते. लंगडीत आणि आट्यापाट्यात रेघेचाच कायदा असतो, पोरांना तो अंगवळणी पडलेला आहे. खुंटा मात्र दारात, हापशाजवळ किंवा पोरांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर नको. सावली हवी, पाण्याचं भांडं हवं आणि पाठीमागं थोडी जागा हवी. दोन झाडांमध्ये तार ताणून तिच्यावर सरकणाऱ्या कडीत साखळी अडकवली तर कुत्र्याला बरंच फिरता येतं. मग रेघही त्या मापानं लांबट ओढायची.

खाण्याची गोष्ट निघाली की या जिल्ह्यात नामदेव महाराजांची आठवण होणारच. त्यांची नर्सी इथलीच, आणि त्यांना गुरू विसोबा खेचरांची भेट झाली ते औंढ्याचं देऊळही आपल्या तालुक्यातलं. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणत, ही कथा इथल्या लेकरांना आजी सांगत असते. भक्ती म्हणून कथा थोर आहे. पण ती सांगून झाल्यावर आजीनं एवढं जरूर जोडावं, की बाळा, हे फक्त नामदेवांनीच करायचं! तोंडात घास असलेल्या कुत्र्यामागं धावणं म्हणजे त्याच्या लेखी घास हिसकवायला येणं. तूप त्याला दिसत नाही, धावून येणारे पाय दिसतात.

रोजच्या व्यवहारात हे असं बसवता येतं. भाकरी द्यायचं काम मोठ्यांचं. लेकराला हौस असेल तर मोत्या लांब असताना त्यानं भाकरी कुस्करून थाळीत टाकावी, ताक ओतावं आणि आपण रेघेबाहेर यावं. थाळी पुढं सरकवायची मोठ्यांनी. मोत्याचं खाणं संपून तो थाळीपासून दूर होईपर्यंत तिकडं कुणी फिरकायचं नाही. हाडूक चघळत बसला असेल तेव्हा तर नाहीच. त्यानं चप्पल किंवा बाहुली पळवली तर ओढाताण करायची नाही, मोठ्यांना हाक मारायची. मोठ्यांनीही हिसकावू नये. भाकरीचा तुकडा दुसरीकडं टाकावा. तो तिकडं गेला की चप्पल उचलावी. हिसकावलं की कुत्रं पुढच्या वेळी जास्त घट्ट धरतं, आणि मग त्या जागी कधीतरी लेकरू असतं. आणखी एक, हातात भाकरी घेऊन हिंडणारं दोन वर्षांचं लेकरू आणि मोकळं कुत्रं एका अंगणात नको. भाकरी नेमकी कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. भाकरीसाठी मारलेल्या झडपेत बोटं सापडतात, त्यात राग-बिग काही नसतो.

झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, आधी लांबून हाक. दचकून उठलेलं कुत्रं आधी तोंड टाकतं आणि मग बघतं की कोण आहे. रात्रभर राखण करणारं कुत्रं दिवसा झोपणारच, आणि पोरांची खेळायची वेळ नेमकी तीच. म्हणून आखाड्यावर हा नियम शहरातल्या घरापेक्षा जास्त कामाचा आहे.

पिलांचा हंगाम वेगळाच. गावठी कुत्र्या बहुतेक भादव्यात माजावर येतात आणि साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या आगे-मागे थंडी पडता पडता वितात. जागा निवडतात ती कडब्याच्या गंजीखालची, गोठ्यामागची, पडक्या कणगीतली. अंधारी, एका तोंडाची. त्या तोंडातून रांगत आत जाणारं लेकरू तिची बाहेर पडायची एकुलती वाट अडवतं. एरवी लेकरांना अंगावर खेळू देणारी कुत्री तेव्हा कुणाची नसते. पिलांचे डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर लांबूनच बघायचं. पुढं पिलं आपण होऊन बाहेर यायला लागली आणि आई समोर शांत बसलेली असली, की मोठ्यांच्या सोबतीनं, जमिनीवर बसून, पिलू न उचलता. सुट्टीत पुण्या-मुंबईहून आलेली भावंडं या दिवसांत नेमकी इथं असतात. त्यांना आल्या आल्या रेघ दाखवावी. मोत्याला ती पाहुणे वाटत नाहीत, परकी वाटतात. त्यात दिवाळीचे फटाके. फटाक्यांच्या वेळी कुत्र्याला आडोशाला, लेकरांपासून लांब ठेवावं.

एवढं वाचून कुणाला वाटेल, मग कुत्र्याला हात लावायचाच नाही का? लावायचा की. फक्त त्याला विचारून. मोकळ्या जागी, कुत्रं मोकळं असताना, लेकरानं मोठ्यांजवळ उभं राहायचं आणि हाक मारायची. तो आला तर ठीक, नाही आला तर आज नाही. आला की हात डोक्यावरून न्यायचा नाही. वरून येणारा हात त्याला मारायला उगारलेला वाटतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कुत्र्यांना तो अनुभव आहेच. छातीपाशी किंवा गळ्याच्या बाजूला खाजवायचं. एक, दोन, तीन म्हणायचं आणि हात मागं घ्यायचा. आता बघायचं. त्यानं अंग पुढं ढकललं, हाताला नाक लावलं, तर पुन्हा तीन. मान वळवली, नाक चाटलं, चालू पडला, तर झालं. मिठी नाही, मुका नाही, पाठीवर बसणं नाही, कान-शेपूट ओढणं नाही. हे ‘नाही’ पाठ करून घेण्यापेक्षा तीन म्हणून हात मागं घेण्याची सवय लावली तर बाकीचं आपोआप सुटतं, कारण लेकरू दर वेळी मोत्याचं उत्तर ऐकायला शिकतं. पहिले काही दिवस जुन्या गोधडीच्या चिंध्या भरून केलेल्या कुत्र्यावर सराव करावा. त्याची मान आपण फिरवायची आणि लेकरानं ओळखायचं की आता पुढं काय.

वयाचा हिशेब वेगळा. पाच वर्षांखालच्या लेकराला शिकवावं सगळं, भरवसा कशावरच ठेवू नये. तिथं मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं आणि त्याचं लक्ष मोबाइलमध्ये नको. ‘जरा बघ गं त्याच्याकडं’ म्हणून नऊ वर्षांच्या ताईवर सोपवणं याला लक्ष ठेवणं म्हणत नाहीत. हळद काढायच्या, शिजवायच्या दिवसांत घरातली सगळी मोठी माणसं कामात आणि पोरं आखाड्यावर मोकळी असतात. तेव्हा कुत्रं आणि लहानगं यांच्यामध्ये दार, जाळी नाहीतर रेघ हवीच. सहा-सात वर्षांपुढं खेळ आणि नियम चालतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना मात्र जबाबदारी द्यावी. पाणी भरायचं, गोचीड दिसली की सांगायचं, लसीची तारीख वहीत लिहायची. या वयात पोरांना कुत्र्याला ‘छू’ म्हणून कुणाच्या अंगावर सोडायची मजा वाटते, तीही तेव्हाच मोडावी.

शाळेच्या वाटेवर दुसऱ्याच्या आखाड्यावरचं कुत्रं अंगावर आलं तर? पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागं लागणं त्याच्या रक्तातच आहे. पोरांना ‘स्टॅच्यू’चा खेळ माहीत असतो, तोच खेळायचा. पाय जोडून उभं राहायचं, हात पोटापाशी गुंफायचे, कुत्र्याच्या डोळ्यांत न बघता आपल्या पायाच्या अंगठ्यांकडं बघायचं आणि तोंडातून आवाज काढायचा नाही. हलत नाही, ओरडत नाही अशा गोष्टीत कुत्र्याचा रस लवकर संपतो. ते लांब गेलं की पाठ न फिरवता हळूहळू मागं सरकायचं. खाली पडलंच कुणी, तर गुडघे पोटाशी घेऊन पालथं व्हायचं, मुठी मानेमागं, कोपरं कानांवर. अंगणात याची तालीम घ्यावी. पोरं हसत-खिदळत शिकतात आणि प्रसंगाला आठवतंही.

एवढं करूनही दात लागू शकतो. मुलांना सगळ्यात आधी हे सांगून ठेवावं, की दात लागला, नखाचा ओरखडा आला, जखमेवर कुत्र्यानं चाटलं, तर घरी सांगायचं. सांगितलं म्हणून मार बसणार नाही. मार बसेल म्हणून पोरं लपवतात, आणि रेबीजमध्ये लपवणं जिवावर बेततं. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगावर औषध जवळजवळ नाहीच. त्याआधी लस घेतली तर तो टळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. पिलाचा दात लागला तर सोडून देण्याची चूक फार होते. पिलाला लस मिळते ती तीन महिन्यांचं झाल्यावर. त्याआधी ते बिनलसीचंच असतं, आणि त्याला रेबीज होऊ शकतो.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची, घड्याळ लावून १५ मिनिटं. हापसा, मोटरचं पाणी, तांब्यानं ओतलेलं पाणी, काहीही चालेल. साबण अंगाचा असो की कपड्याचा. विषाणू जखमेतच असतात तोवर त्यांना गाठायची संधी एवढीच. हळदीच्या जिल्ह्यात जखमेवर हळद दाबायचा मोह फार, पण हळद, तिखट, चुना, तेल, पाला यातलं काहीही नको. घट्ट पट्टी नको. मंतरायला नेण्यात वेळ नको. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर हिंगोलीचं सरकारी रुग्णालय. तिथं जखम कोणत्या वर्गात मोडते ते डॉक्टर ठरवतात. नुसतं चाटलं आणि कातडी धड असेल तर धुणं पुरतं. रक्त न आलेल्या ओरखड्याला लस. रक्त आलं असेल, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती सीरमचं इंजेक्शन. डोकं, चेहरा आणि मानेवरची जखम मेंदूच्या जवळ असते, तिथं एक दिवसही थांबू नये.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची दहशत अजून आज्यांच्या तोंडी आहे. ती जुनी लस भारतात बनवणं २००४ च्या अखेरीस बंद झालं. आता लस दंडात देतात, अगदी लहान लेकराला मांडीत. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत टोचतात, त्याचे दिवस शून्य, ३, ७ आणि २८. स्नायूत दिली तर शून्य, ३, ७, १४ आणि २८. पहिल्या दोन टोचण्यांनंतर जखम भरलेली दिसते आणि सोयाबीनची काढणी नाहीतर लग्नसराई मध्ये येते. तिथं डोस चुकतात. रेबीजची लस जगात पहिल्यांदा नावाजली गेली तीसुद्धा एका लेकरामुळेच. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चरनं नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला ती दिली, आणि पोरगा वाचला.

मोत्याची लस तीन महिन्यांनंतर पहिली, मग पशुवैद्य सांगेल तेव्हा पुढची, आणि त्यानंतर दर वर्षी. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं, किंवा १९६२ वर फोन करावा. जंताचं औषधही तिथंच मिळतं. लेकरं आणि कुत्रं एकाच अंगणातल्या मातीत खेळत असतील तर ते टाळू नये. मोत्याला लस दिलेली आहे म्हणून लेकराची लस आपणच टाळायची नाही, तो निर्णय डॉक्टरांचा.

आणि चावलेल्या कुत्र्याला मारून टाकायचं नाही, रानात सोडूनही यायचं नाही. त्याला दहा दिवस बांधून, खायला-प्यायला घालून नजरेखाली ठेवायचं. लाळेतून विषाणू पसरण्याइतका रोग वाढलेलं कुत्रं सहसा त्या मुदतीत आजारी पडून मरतं. दहा दिवसांनंतर ते धडधाकट राहिलं, तर चावा घेताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, आणि उरलेल्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतात. मध्येच ते अंधारात तोंड खुपसून बसू लागलं, खालचा जबडा लोंबला, लाळ गळायला लागली, आवाज बदलला, दिसेल त्याला चावायला लागलं, किंवा नुसतं गप्प पडून मागचे पाय ओढायला लागलं, तर लगेच पशुवैद्याला कळवायचं आणि स्वतः हात लावायचा नाही. घशात हाडूक अडकलंय असं वाटून तोंडात हात घालणारे पुष्कळ असतात. हे दहा दिवस भाकरी एकाच मोठ्या माणसानं काठीनं थाळी सरकवून द्यायची, आणि चुन्याची रेघ आणखी दोन हात बाहेर ओढायची.